कॅटियावरून एनएक्सवर: ट्यूब डिझाइनमधलं आमचं सव्वा वर्ष

गाड्यांच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात सॉफ्टवेअर आपण निवडत नाही, ग्राहक निवडतो. त्याच्याकडून ईमेल येतो आणि खालची सगळी साखळी हलते. आमच्याकडे तसंच झालं, आणि कॅटिया या कॅड (डिझाइनच्या) सॉफ्टवेअरवरून एनएक्स या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरवर जावं लागलं. ज्यांच्याकडे असा ईमेल नुकताच आलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला तेव्हा मराठीत सोडाच, कुठल्याच भाषेत ट्यूबवाल्यांच्या बाजूने लिहिलेलं काही सापडलं नव्हतं. विक्रेत्यांची माहितीपत्रकं ढीगभर होती, पण त्यांत बेंडिंग मशीनचा उल्लेखही नसतो.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात डिझाइन बघते. ब्रेकच्या ४.७६ मिमीच्या डबल वॉल ट्यूब, फ्युएलच्या ६ आणि ८ मिमीच्या, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर वाढलेलं एक्झॉस्टच्या प्रेशर सेन्सरच्या नळ्यांचं काम. डिझाइनला मी आणि एक ज्युनिअर. दोघांकडे कॅटिया व्ही५, तेही ट्यूबिंगचं खास वर्कबेंच नसलेलं. पार्ट डिझाइन आणि जीएसडी (कॅटियातला वक्र आणि पृष्ठभाग काढायचा भाग) एवढ्यावर आमचं सगळं चालायचं. जीएसडीत पॉलीलाइन काढायची, प्रत्येक कोपऱ्याला रेडियस द्यायचा, वर्तुळाचा स्वीप मारायचा, म्हणजे वर्तुळ त्या रेषेवरून ओढायचं, की ट्यूब तयार. बरीच वर्षं हात त्यातच बसलेला.

जून २०२२ मध्ये आमच्या मोठ्या ग्राहकाचा ईमेल आला: पुढच्या प्रोग्रॅमपासून (म्हणजे नव्या गाडीच्या प्रकल्पापासून) पुरवठादारांनी मॉडेल आणि ड्रॉइंग एनएक्सच्या मूळ फॉरमॅटमध्येच द्यायचं, स्टेप फाइल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारा सामाईक फॉरमॅट) चालणार नाही. आमच्या साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "दिवाळीपर्यंत होईल ना मॅडम?" मी "बघते" म्हणाले. पहिले काही दिवस पोटात गोळा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांत जो वेग कमावला तो एका ईमेलने शून्यावर येणार, आणि त्याच वेळी चालू प्रोग्रॅमची कामं थांबणार नाहीत, ही भीती होती.

थोडा धीर आला तो जुन्या बातम्या वाचून. डाइमलरने २०१० मध्ये कॅटियावरून एनएक्सवर जायचं जाहीर केलं आणि ते पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं. क्रायस्लरनेही २०१० मध्येच तीच वाट धरली. फोर्ड त्याआधी आय-डीइएस हे जुनं सॉफ्टवेअर सोडून कॅटियावर गेली होती. म्हणजे हे वारं कुठल्याही दिशेने वाहतं. ज्यांच्याकडे हजारो डिझायनर आहेत त्यांनाही वर्षं लागतात हे कळल्यावर मी साहेबांना दिवाळीऐवजी पुढचा गुढीपाडवा सांगितला. त्यांनी मान हलवली, पण वहीत दिवाळीच लिहून ठेवली.

जुलै-ऑगस्ट आम्ही सॉफ्टवेअरला हातही लावला नाही. फक्त एक्सेलमध्ये यादी केली: कुठला पार्ट कुठल्या गाडीचा, चालू उत्पादनात आहे की फक्त सर्व्हिस पार्ट म्हणून वर्षातून एकदा जातो, ड्रॉइंगची शेवटची आवृत्ती कोणती, नळीच्या बिंदूंचं एक्स-वाय-झेड टेबल कुठे आहे. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त पैसे यानेच वाचले. ढोबळमानाने निम्म्याहून जास्त मॉडेलना हलवायची गरजच नव्हती. गाडी बंद झालेली, किंवा पार्ट दुसऱ्या ग्राहकाचा, जो अजून कॅटियावरच आहे. "सगळं कन्व्हर्ट करू" असं मीटिंगमध्ये कोणी म्हणालं तर आधी ही यादी समोर ठेवा.

गणपती उरकल्यावर विक्रेत्यांना बोलावलं. त्यांचा डेमो फार देखणा असतो. इंजिन उघडतात, फिरवतात, सेक्शन दाखवतात. आम्ही सांगितलं की आमचीच एक ट्यूब घ्या, दहा-बारा बेंडची, दोन टोकांना फ्लेअर (फुलवलेलं टोक) आणि नट, मध्ये क्लिप. ती आमच्यासमोर शून्यापासून काढा आणि शेवटी बेंडिंगचं टेबल काढून दाखवा. तिथे खरे प्रश्न बाहेर आले. साध्या डिझाइन सीटमध्ये (एका वापरकर्त्याच्या लायसन्समध्ये) 'ट्यूब' नावाची कमांड आहे: बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि मार्ग दिला की नळी होते. पण बेंडचा रिपोर्ट, स्टॉकसोबत (नळीच्या ठरलेल्या मापासोबत) बांधलेला बेंड रेडियस, मार्गाचे कोपरे एकदम बदलणं हे सगळं राउटिंगच्या, म्हणजे नळ्यांचे मार्ग आखायच्या, वेगळ्या ॲड-ऑनमध्ये. कॅटियाच्या फाइल थेट वाचणारा ट्रान्सलेटर आणखी वेगळा. आणि कॅटियाच्या बाजूने स्टेप फाइल काढायची तर तिथेही त्याचं वेगळं लायसन्स लागतं, हे आमच्या साहेबांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

दोन सीट, दोघांना राउटिंग, ट्रान्सलेटर असं पहिलं कोटेशन वीस लाखांच्या पुढे गेलं, वर १८% जीएसटी. जीएसटीचा परतावा इनपुट क्रेडिटमधून मिळतो, पण आधी खिशातून जातोच. शेवटी घासाघीस करून दोन सीट घेतल्या, त्यांतल्या एकीलाच राउटिंग. ट्रान्सलेटर घेतलाच नाही, का ते पुढे सांगते. खर्च तेरा लाखांच्या आसपास आला, आणि दरवर्षीचं मेंटेनन्स साधारण किमतीच्या पाचव्या हिश्श्याचं. हा आमचा आकडा, तुमचा वेगळा येईल. वर्ष संपताना, म्हणजे मार्चच्या किंवा विक्रेत्याच्या तिमाहीच्या तोंडावर बोलणी केली तर भाव हलतो. कोटेशनमध्ये पहिल्या वर्षाचं मेंटेनन्स धरलंय का, हे लेखी विचारा. ग्राहक एनएक्सची नेमकी कुठली आवृत्ती वापरतो तेही ग्राहकाकडून ईमेलवर घ्या. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, हे दोन्ही सॉफ्टवेअरना लागू आहे.

पीओ (खरेदीची ऑर्डर) दसऱ्यानंतर निघाला. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीनची पूजा होते, त्यात माझ्या वर्कस्टेशनलाही हळदकुंकू लागलं. एक ज्येष्ठ फिटर म्हणाले, "जुन्या सॉफ्टवेअरलाही लावा, अजून जायचंय त्याला." खरंच होतं ते.

मग कागदांचा खेळ. लायसन्स ईमेलने आलं, छोटी टेक्स्ट फाइल. आमच्या स्टोअरने विचारलं, माल कुठे आहे? गेटवर इनवर्ड नोंद नाही, चलन नाही, मग जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) कसा करायचा? जीआरएन नाही म्हणून बिल पास नाही, बिल पास नाही म्हणून विक्रेता प्रशिक्षणाची तारीख देईना. शेवटी ईमेलची प्रिंट, त्यावर माझी सही आणि "इन्स्टॉल होऊन चालू झाले" असं विभागाचं पत्र जोडून सर्व्हिस एन्ट्री केली. त्यानंतर टीडीएस. अकाउंट्सचं म्हणणं, सॉफ्टवेअर म्हणजे रॉयल्टी, १०% कापणार. विक्रेत्याचं म्हणणं, २०१२ च्या अधिसूचना क्रमांक २१ प्रमाणे पुनर्विक्रीच्या सॉफ्टवेअरवर आधीच्या टप्प्यात कर कापला गेला असेल तर पुन्हा कापायचा नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. तोडगा म्हणजे विक्रेत्याने पॅनसह तसं घोषणापत्र द्यायचं. हे घोषणापत्र पीओच्या अटींतच मागून घ्या, म्हणजे नंतरचे दोन-तीन आठवडे वाचतील. कर नियम बदलत असतात, तेव्हा तुमच्या सीएला एकदा विचारून.

लायसन्स सर्व्हरबद्दल थोडं. लायसन्स ज्या मशीनवर बसणार त्याच मशीनवर विक्रेत्याची आयडी काढणारी युटिलिटी चालवा, स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाठवू नका. फायरवॉलमध्ये ठरलेला पोर्ट उघडा हवा, आमच्याकडे तो २८००० होता. आणि आपल्याकडची खास अडचण: पिंपरी-चिंचवड पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारी. देखभालीसाठी वीज जाते, सर्व्हर बंद पडतो, शुक्रवारी सकाळी सर्व्हिस आपोआप उठली नाही तर डिझाइन ठप्प. विक्रेत्याचा सपोर्ट शनिवार-रविवार बंद. म्हणजे आमच्या आणि त्यांच्या कामाचे सामाईक दिवस चारच. सर्व्हिस 'ऑटोमॅटिक' वर आहे ना, ते इन्स्टॉल करणारा माणूस समोर असतानाच मशीन बंद-चालू करून बघा.

प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये झालं, आठवडाभराचं, माणशी पंचवीस हजारांच्या घरात. सगळ्यात आधी भांडण झालं ते माउसशी. कॅटियात मधलं बटण दाबून ओढलं की मॉडेल सरकतं, एनएक्समध्ये ते फिरतं. सरकवायला शिफ्ट धरायचं. मधलं बटण नुसतं टिचकवलं की ते 'ओके' समजलं जातं. सवयीने टिचकवायचं आणि अर्धवट फीचर तयार होऊन बसायचं. हे दोन-तीन आठवडे होतं, नंतर होत नाही. ज्या दिवशी दोन्ही सॉफ्टवेअरवर काम करावं लागतं त्या दिवशी मात्र अजूनही होतं, म्हणून मी सकाळी कॅटिया आणि जेवणानंतर एनएक्स अशी विभागणी केलीय.

माउसपेक्षा खोल गोष्ट म्हणजे एनएक्समधला 'वर्क पार्ट' आणि 'डिस्प्लेड पार्ट' हा भेद. पडद्यावर काय दिसतंय आणि आपण कशात काम करतोय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅटियात ट्रीवर डबल क्लिक करून पार्ट ॲक्टिव्ह करायची सवय असते, तिचा थोडा उपयोग होतो, पण सुरुवातीला चुकीच्या पार्टमध्ये पॉइंट टाकले जातातच. दुसरी गोष्ट 'रेफरन्स सेट', म्हणजे पार्टमधलं काय काय दाखवायचं त्याचा गट. असेंब्ली उघडली आणि ट्यूबची सेंटरलाइन (मध्यरेषा) दिसतच नाही, तर फाइल गेली असं समजून घाबरू नका. बहुतेक वेळा सेंटरलाइन 'एंटायर पार्ट'मध्ये असते आणि असेंब्लीला 'मॉडेल' सेट लागलेला असतो. तिसरी 'लोड ऑप्शन्स': पार्ट सापडत नाहीत असा संदेश आला तर आधी तिथे 'फ्रॉम फोल्डर' आहे की 'ॲज सेव्ह्ड' ते बघा. प्रशिक्षणात या तिन्हींना मिळून अर्धा तास दिला गेला. माझ्या मते अर्धा दिवस द्यायला हवा होता, आणि पृष्ठभागांच्या सुंदर उदाहरणांना अर्धा तास पुरला असता.

माझा ज्युनिअर माझ्या दुप्पट वेगाने शिकला. त्याच्या हातात जुनी सवयच कमी होती. पहिल्यांदा थोडं लागलं मनाला. मग मी ठरवलं की कमांड कुठे आहे ते त्याला विचारायचं आणि ट्यूबचं काय चुकतंय ते त्याने मला विचारायचं. तो मला "मॅडम, इथे नाही, वरच्या टॅबमध्ये" असं सांगतो तेव्हा आता काही वाटत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग. जुनी मॉडेलं कशी हलवायची?

विक्रेत्याचं उत्तर होतं ट्रान्सलेटर. चाचणी लायसन्सवर करून पाहिलं. फाइल येते, आकार बरोबर असतो, पण ती मुकी बॉडी. पॉलीलाइन नाही, रेडियस नाही, काही बदलता येत नाही. स्टेपनेही तेच. उद्या ग्राहकाने क्लिप पाच मिलिमीटर सरकवली तर ही बॉडी काही कामाची नाही. ट्यूबचा जीव त्या सॉलिडमध्ये नसतोच. तो असतो सेंटरलाइनच्या छेदबिंदूंच्या, म्हणजे सरळ भाग वाढवले तर जिथे एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यांच्या, एक्स-वाय-झेड टेबलमध्ये, आणि त्यासोबत सीएलआर, म्हणजे बेंडचा मध्यरेषेवरचा रेडियस, बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी यांत. एवढं हातात असेल तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या तासात ट्यूब उभी राहते. म्हणून आम्ही ट्रान्सलेटर टाळला आणि प्रत्येक चालू पार्टचे बिंदू एक्सेलमध्ये काढले. कॅटियासोबत एक्सेलमधून पॉइंट आत आणणारी मॅक्रो फाइल येते, तिच्या मदतीने तेच बिंदू परत जुन्या मॉडेलवर टाकून जुळतात का ते पाहिलं. एनएक्समध्ये 'पॉइंट्स फ्रॉम फाइल' आहे, त्यातून तीच यादी आत घेतली. गाडीच्या मूळ निर्देशांकात घेताय ना, हे बघा. डब्ल्यूसीएस (एनएक्समधला कामाचा, हलवता येणारा अक्षसंच) हललेला असेल तर सगळी ट्यूब शांतपणे भलत्याच जागी बसते, आणि एकटी बघितली तर चांगली दिसते.

सीएलआर का महत्त्वाचा, ते आकड्यांत सांगते. ९० अंशाचा बेंड, रेडियस २० मिमी. छेदबिंदूपासून दोन्ही बाजूंना २०-२० मिमी सरळ भाग जातो, म्हणजे ४० मिमी, आणि त्याऐवजी ३१.४२ मिमीचा कंस येतो. कोपऱ्या-कोपऱ्याने मोजलेल्या लांबीपेक्षा खरी लांबी ८.५८ मिमीने कमी. हाच रेडियस १५ धरला तर फरक ६.४४. म्हणजे एका बेंडमागे २ मिमीहून थोडी जास्त तफावत, आणि असे आठ बेंड असतील तर कटिंग लेंग्थ १७ मिमीने चुकते. मॉडेल मात्र पडद्यावर तसंच दिसतं, डोळ्यांना कळतच नाही. म्हणून टेबलमध्ये बिंदूंशेजारी प्रत्येक बेंडचा रेडियस लिहायचा, आणि तो ड्रॉइंगवरून नाही तर टूलरूममध्ये खरंच असलेल्या डायवरून (ज्या साच्याभोवती नळी वाकते). आमच्याकडे काही जुन्या ड्रॉइंगवर एक रेडियस आणि मशीनवर दुसरा डाय असं निघालं. बदलाच्या निमित्ताने ते साफ झालं.

एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात ठळक नव्हती. एनएक्सच्या ट्यूब कमांडमध्ये शेवटी निवड असते: 'सिंगल सेगमेंट' की 'मल्टिपल सेगमेंट'. सिंगल घेतलं तर सगळी नळी एक-दोन सलग बी-सरफेसची (मुक्त वक्र पृष्ठभागांची) होते. मल्टिपल घेतलं तर सरळ भागाला सिलिंडर आणि बेंडला टोरस (बांगडीसारखा आकार) अशी वेगवेगळी फेस मिळतात. दिसायला सिंगल जास्त गुळगुळीत. पण पुढे ही फाइल ट्यूब मोजणाऱ्या आर्मच्या (मोजणीच्या यांत्रिक हाताच्या) सॉफ्टवेअरला किंवा बेंडिंगच्या सॉफ्टवेअरला द्यायची असेल तर त्यांना अक्ष आणि रेडियस ओळखायला सिलिंडर आणि टोरसच हवेत. नेहमी मल्टिपल.

याच निवडीने एक जुनी गडबड बाहेर आली. एका फ्युएल ट्यूबमध्ये बाकी सगळे बेंड टोरस झाले आणि क्लिपजवळचा एक तुकडा झाला नाही. शोधलं तर मूळ कॅटिया फाइलमध्ये तेवढ्या भागाची सेंटरलाइन स्प्लाइन (ठरलेला रेडियस नसलेली मुक्त वक्ररेषा) होती, अनेक वर्षांपूर्वीची, कोणी आणि का केली हे सांगायला आता कंपनीत कोणी नाही. स्वीप कुठल्याही वक्रावर चालतो, त्यामुळे ते इतकी वर्षं झाकलेलं राहिलं. मशीनवर मात्र सेटरने अंदाजाने दोन बेंड टाकून पार्ट चालवला होता. तेच दोन बेंड आम्ही मॉडेलमध्ये आणले आणि ग्राहकाकडून बदल मंजूर करून घेतला. तुमच्याकडेही असं निघेल. निघालं की आधी शॉप फ्लोअरवर जा, प्रत्यक्षात काय वाकवतात ते बघा, मग मॉडेल दुरुस्त करा.

फेब्रुवारीत नव्या रिपोर्टवरून पहिली ट्रायल घ्यायची ठरली. आमचे बेंडिंगचे मामा या कामातले सगळ्यात जुने. त्यांना मी राउटिंगमधून काढलेलं एलआरए टेबल दिलं: लांबी, रोटेशन, अँगल. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ही रोटेशन आपल्या मशीनची का कॉम्प्युटरची?" नेमका प्रश्न. रोटेशनचं अधिक-उणे ही नुसती पद्धत आहे, प्रत्येक मशीनची आपली, आणि उजव्या-डाव्या बेंडिंग हेडप्रमाणे बदलते. सगळी चिन्हं उलटी पडली तर ट्यूब आरशातली निघते. "मग आधी कचऱ्यातला तुकडा वाकवू," मामा म्हणाले.

आम्ही मुद्दाम वेडावाकडा सेटिंग पीस बनवला: ३५, ६० आणि ११० अंशाचे तीन बेंड, मध्ये ४० आणि उणे ७५ अंशाची रोटेशन, सरळ भाग सगळे वेगळ्या लांबीचे. यामागे कारण आहे. ९० अंशाच्या बेंडवर तपासलं तर सॉफ्टवेअर वळलेला कोन देतंय की दोन भुजांमधला, हे कळत नाही, दोन्ही ९०च. ३५ चा बेंड १४५ म्हणून आला की लगेच दिसतं. एकाच पातळीतली ट्यूब घेतली तर रोटेशनच्या चिन्हाची चूक दिसतच नाही. आणि सरळ भाग सारखे असतील तर टेबलमधल्या लांब्यांची अदलाबदल झाली तरी ती लपते. आणखी एक: ट्यूब दुसऱ्या टोकाकडून वाचली तर ओळींचा क्रम उलटतो, पण रोटेशनचं चिन्ह तेच राहतं. चिन्ह बदललेलं दिसलं तर ते टोक बदलल्यामुळे नाही, आरशामुळे.

पीस वाकला, फिक्श्चरवर (नळी बसवून तपासायच्या साच्यावर) नाही तर सरळ मोजणीच्या आर्मवर घेतला. आमच्या मशीनसाठी चिन्ह उलटवावं लागत होतं. रिपोर्टच्या एक्सेलमध्ये एक कॉलम घालून ते कायमचं सोडवलं. स्प्रिंगबॅक (वाकवल्यावर नळी थोडी परत उघडते ते) आणि लांबीतली वाढ यांना कॅडमध्ये आणू नका. ते मटेरियल आणि डायप्रमाणे मशीनवरच धरतात. कोणी हुशारीने मॉडेलचे कोन वाढवून ठेवले तर फिक्श्चर आणि मॉडेल कधीच जुळणार नाहीत. पीस ओके झाल्यावर मामा एवढंच म्हणाले, "हां, चालतंय मग." त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

पाडव्याला, २२ मार्चला, साहेबांना दाखवायला चालू पार्टांपैकी महत्त्वाचे सगळे उभे होते. ट्यूब हा त्यातला सोपा भाग होता. वेळ खाल्ला तो बारीक गोष्टींनी: फ्लेअरचे आकार, ४.७६ च्या ब्रेक ट्यूबवरचा एम१० बाय १ चा नट, क्विक कनेक्टरची टोकं, क्लिप, संरक्षक स्लीव्ह. हे सगळं लायब्ररी म्हणून नव्याने करावं लागतं. ग्राहकाकडे स्वतःची लायब्ररी असते, आधी मागा. आम्ही मागितली तेव्हा आमचे निम्मे नट करून झाले होते आणि त्यांनी ती दुसऱ्या दिवशी पाठवली. नट मागे सरकवायला बेंडपर्यंत सरळ जागा आहे का, दोन बेंडमध्ये क्लॅम्पला पुरेल इतका सरळ भाग आहे का, हे तपासणारे नियम आम्ही कॅटियात लिहिलेले होते. एनएक्समध्ये ते एक्सप्रेशन्समधून (मॉडेलमधल्या सूत्रांतून) पुन्हा बांधले. ड्रॉइंग एनएक्समध्ये वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची पद्धत आहे, मॉडेल वेगळं. टेम्प्लेटमध्ये फर्स्ट अँगल (ड्रॉइंगवर दृश्यं मांडायची आपल्याकडची पद्धत) आहे ना, ते पहिल्याच दिवशी बघा, नाहीतर आपल्याकडचा इन्स्पेक्टर ड्रॉइंग उलटं वाचेल.

एप्रिलमध्ये नव्या प्रोग्रॅमचा पहिला डेटा पोर्टलवर चढवला. ग्राहकाकडे आपोआप तपासणी होते आणि रिपोर्ट येतो. आमचा लालेलाल आला. भूमितीची एकही चूक नव्हती. ॲट्रिब्यूटमध्ये मटेरियलचं नाव त्यांच्या यादीतल्यासारखं नव्हतं, सेंटरलाइन ठरलेल्या लेयरवर नव्हती, रेफरन्स सेटचं नाव वेगळं होतं. त्यांची स्टार्ट पार्ट फाइल (नवं मॉडेल सुरू करायचा तयार नमुना) असते, तिच्यातूनच सुरुवात केली की यातलं बहुतेक आपोआप सुटतं. ती पोर्टलवर एका कोपऱ्यात असते आणि कोणी सांगत नाही. दुरुस्त करून पुन्हा चढवलं, मग त्यांच्या इंजिनिअरच्या मंजुरीची वाट. तो कधी रजेवर, कधी ऑडिटमध्ये. मे पूर्ण असाच गेला. या काळात रोज फोन करून उपयोग होत नाही. आठवड्यातून एकदा, स्थिती विचारणारा छोटा ईमेल, त्यांच्या साहेबांना सीसी करून, एवढं पुरतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्या प्रोग्रॅमचा पीपॅप (उत्पादन सुरू करायची ग्राहकाची मंजुरी) मंजूर झाला. साहेबांच्या वहीतली दिवाळी उलटून बरेच महिने झाले होते, पण त्यांनी तो विषय काढला नाही.

खर्चाचा हिशेब सांगायचा तर सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षणापेक्षा जास्त गेलं ते आमच्या वेळेत. जवळपास अर्धं वर्ष माझं निम्मं काम हेच होतं, आणि तो आकडा कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. साहेबांना सुरुवातीलाच सांगा, म्हणजे नव्या चौकशांची कोटेशन उशिरा जाताना कोणी तुमच्याकडे बोट दाखवणार नाही.

कॅटियाची एक सीट आम्ही ठेवलीय, दुसऱ्या ग्राहकासाठी. दुसरीचं मेंटेनन्स मार्चमध्ये संपतंय, ते पुढे भरायचं नाही असं ठरलंय. त्याआधी राहिलेल्या सर्व्हिस पार्टांचे बिंदू, रेडियस आणि ड्रॉइंगच्या पीडीएफ काढून ठेवायचं काम ज्युनिअर दर शनिवारी थोडं थोडं करतोय. यादीतले दोन पार्ट असे आहेत की ज्यांचं मॉडेलच सापडत नाही, फक्त फिक्श्चर आहे. ते पुढच्या आठवड्यात आर्मवर मोजून घेणार आहोत.